'खाते नाही' असे मी म्हणालो

बँकेत अठ्ठावीस वर्षे काढली. त्यात खोटे किती वेळा बोललो याचा हिशेब नाही. पण एका खोट्याची नोंद अजून डोक्यात पक्की आहे. 1988 च्या पावसाळ्यात, एका तालुक्याच्या गावातल्या शाखेत, ते मी बोललो. नीतिशास्त्राची पुस्तके चाळू लागलो ती त्यानंतर.

बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंचे आमच्याकडे बचत खाते होते. दर आठवडी बाजारानंतर दहा-वीस रुपये भरायच्या. नवऱ्याला पत्ता नव्हता; तो प्यायचा. एके दुपारी तोच काउंटरवर येऊन उभा राहिला. 'आमच्या मंडळींचं खातं हाय का हितं?' मी म्हणालो, 'नाही.' तो गेल्यावर शेजारच्या पिंजऱ्यातले आमचे हेड कॅशियर नोटांवरची नजर न काढता म्हणाले, 'माहिती देता येत नाही, एवढंच म्हणायचं होतंत, साहेब.'

नवरा तडक घरी गेला. पैसे बँकेत नाहीत, म्हणजे घरातच असणार! त्याने घर उचकटले आणि तांदळाच्या डब्यात पासबुक सापडले. दुसऱ्या दिवशी तो बाईंना घेऊन आला. त्यांच्या मनगटाला फडके बांधलेले. स्लिपवर 1,840 रुपये. मी विचारले, 'बाई, पैसे तुम्हालाच हवेत ना?' त्या म्हणाल्या, 'व्हय.' खातेदार समोर, सही जुळते, शिल्लक पुरेशी. मी स्लिप पास केली. नवरा माझ्याकडे बघून नुसता हसला. निघताना बाई म्हणाल्या, 'साहेब, इस रुपये ऱ्हाऊ दिलेत. खातं बंद करू नका.'

पुढे काही वर्षांनी कान्टचा 1797 सालचा छोटा निबंध वाचनात आला आणि मी दचकलो. खुनी दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंट यांचे म्हणणे होते की अशा माणसाचा सत्यावर हक्कच नाही. सत्तरी ओलांडलेला कान्ट म्हणतो, तरीही खोटे बोलायचे नाही. करार ज्या विश्वासावर उभे असतात तोच खोट्याने पोखरतो. (बँकवाल्याला हे पटायला हरकत नाही.) शिवाय, तुम्ही 'घरात नाही' म्हणालात, आणि मित्र तेवढ्यात मागच्या दाराने सटकलेला असून परतणाऱ्या खुन्याला रस्त्यात सापडला, तर त्याचा दोष तुमच्याकडे येतो. हे उदाहरण ओढूनताणून आणलेले आहे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे म्हणता येत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल मला अधिक जवळचा. एक तर तो नोकरदार. 1823 पासून 1858 पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत त्याने कागद हाताळले. पुष्कळांचे पुष्कळ सुख ही त्याची कसोटी. सत्य बोलणे तो पवित्र नियम मानतो, पण दुष्ट माणसापासून माहिती लपवण्याचा अपवाद 1861 च्या लेखांत स्पष्ट देतो. म्हणजे माझे काउंटरवरचे गणित मिलचेच. फक्त बेरजेत एक घर राहून गेले.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. चोरांना भिऊन लोक रानात लपले; सत्यव्रती कौशिकाने चोरांना खरे सांगितले, लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या गोष्टीच्या जोडीला इंग्रज नीतिशास्त्रज्ञांची मते आणून तपासली आहेत. कान्ट आणि कौशिक समोरासमोर बसले तर काय बोलतील, या कल्पनेत मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत.

पण मला छळते ते वेगळेच. कान्टच्या प्रश्नात गप्प राहण्याची सोय नसते. मला होती. 'देता येत नाही' असे मी का म्हणालो नाही? कारण त्या गावात त्याचा अर्थ 'आहे' असाच झाला असता. आणि तो तसा का झाला असता? कारण ओळखीच्या नवऱ्यांना, सासऱ्यांना आम्ही एरवी शिल्लक तोंडी सांगून टाकत होतो. मीही सांगत होतो. ज्या दिवशी नियमाची खरी गरज पडली, त्या दिवशी तो आमच्याच हातून बोथट झालेला होता. हे मिललाही मान्य झाले असते, असे वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र मी नियम अक्षरशः पाळला. दोन्ही दिवशी नुकसान बाईंचेच झाले.

ॲरिस्टॉटल नियमापेक्षा नेमक्या प्रसंगी नेमके काय करावे हे ओळखणाऱ्या शहाणपणाला मान देतो. पण ते सवयीने, अनुभवाने येते म्हणतो. एकोणतिसाव्या वर्षी ते माझ्यापाशी कुठून असणार?

दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या. पंधरा रुपये भरले आणि पासबुक काउंटरवरून माझ्याकडे सरकवले. 'हे हितंच असू द्या.' ग्राहकाचे पासबुक स्वतःपाशी ठेवायला आम्हाला सक्त मनाई. मी ते खणात ठेवले. दीड वर्षाने बदली झाली, तेव्हा चार्ज देताना यादीत ते कुठे लिहावे कळेना. हेड कॅशियरनी माझ्या हातून ते घेतले, काही न विचारता आपल्या पिंजऱ्यात नेले आणि पुन्हा नोटा मोजायला बसले.