नक्कल, मालकी आणि परवानगी : संगणकीय वस्तूंविषयीच्या लोकमताचा विचार

सांताक्रूझ पूर्वेतील वाकोला आणि मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी यांच्यात फारसे अंतर नाही. विद्यानगरीतील अर्थशास्त्राचा वा समाजशास्त्राचा अभ्यासक स्वामित्वहक्काच्या प्रश्नाकडे ग्रंथांच्या द्वारे पाहतो. वाकोल्यासारख्या उपनगरी वस्तीत तोच प्रश्न व्हिडिओ गेमची कॅसेट, घरी लिहिलेली सीडी आणि मित्राकडून संगणकात भरून घेतलेली आज्ञावली या रूपांनी गेली तीन-चार दशके वावरत आला आहे. अशा वस्तूंची नक्कल करणे योग्य की अयोग्य, याविषयी सामान्य माणसाची मते ठाम असतात. ती कायद्याशी जुळत नाहीत, एवढे नोंदवून अभ्यासक बहुधा पुढे जातो. परंतु त्या मतांमध्ये काही अंतर्गत सुसंगती आहे काय, असल्यास ती कोणत्या तत्त्वावर उभी आहे, आणि आज तिचे मोल काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

मुंबईच्या उपनगरांत नेहमी ऐकू येणारी ही मते स्थूलमानाने चार प्रकारची आहेत. पहिले मत असे की, पैसे मोजून आणलेली वस्तू आपली. ती कोणाला द्यावी वा कशी उघडावी, हे विकणाऱ्याने सांगू नये. दुसरे असे की, नक्कल केल्याने मूळ वस्तू कोणाच्या घरातून नाहीशी होत नाही. म्हणून नक्कल ही चोरी नव्हे. तिसरे असे की, स्वतःपुरती केलेली नक्कल क्षम्य, धंद्यासाठी केलेली मात्र नव्हे. आणि चौथे असे की, दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपविणे सर्वथा निंद्य होय. ही चारही मते एकाच मनुष्याच्या तोंडून, कधी कधी एकाच संभाषणात, ऐकावयास मिळतात. ती कशी घडली हे समजण्यासाठी प्रथम वस्तूंचाच इतिहास पाहिला पाहिजे.

१. कॅसेट

निंटेंडो या जपानी कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे घरगुती खेळयंत्र १९८३ साली जपानमध्ये विक्रीस आणले. १९८५ मध्ये अमेरिकेत गेलेल्या त्याच्या आवृत्तीत कंपनीने एक कुलूपचिप बसविली; परवानगीवाचून तयार झालेली कॅसेट ती चालू देत नसे. मूळ जपानी यंत्रात अशी चिप नव्हती. त्यामुळे तैवानमध्ये त्याच्या प्रमुख चिपांच्या नकला तयार झाल्या, तेव्हा जगभरच्या स्वस्त बाजारांत पसरले ते जपानी बनावटीचे, साठ टोकांच्या खाचेचे यंत्र. भारतातील असंख्य घरांत ‘टीव्ही गेम’ या नावाने आले ते बहुधा हेच अनुकृत यंत्र होय.

येथील ग्राहकाने या यंत्रात घालावयाच्या ठोकळ्यास ‘कॅसेट’ म्हटले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वस्तुतः त्या ठोकळ्यात फीत नसते. आज्ञावली कायमची कोरलेली चिप असते. परंतु गाण्याची व चित्रपटाची कॅसेट घराघरांत आधीच रुळली होती. ती उसनी देता येई, अदलाबदल करता येई, व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणता येई. नाव आले त्याबरोबर वागणुकीचे हे सारे नियमही आले. खेळ म्हणजे हातात धरता येणारी, एका वेळी एकाच घरी असणारी वस्तू, ही समजूत येथे पक्की झाली.

मूळ व अनुकृत असा भेद या अवस्थेत फारसा उद्भवलाच नाही, कारण तुलनेसाठी मूळ वस्तू बहुतेकांच्या पाहण्यात आलेली नव्हती. ‘९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये खेळ मोजकेच असत व तेच वेगवेगळ्या क्रमांकांनी पुनःपुन्हा येत. ग्राहकाची तक्रार असे ती याविषयी. दूरच्या निर्मात्याचा हक्क बुडाला हे त्याच्या ध्यानातही येत नसे. दुकानदाराने संख्या खोटी सांगितली हे मात्र तो विसरत नसे. म्हणजे बाजारातील सचोटीची कल्पना त्याच्याजवळ होती. ती ग्राहक आणि विक्रेता या दोघांपुरती मर्यादित होती, इतकेच.

२. डिस्क आणि कुलूप

सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन’ने (१९९४) खेळ कॅसेटमधून चकतीवर आणला, आणि पुढे संगणकावर सीडी लिहिण्याची सोय सर्वत्र झाल्यावर नक्कल हे कारखान्याऐवजी घरचे काम झाले. हे लक्षात घेऊन निर्मात्याने चकतीच्या आरंभीच्या भागात, मार्गाच्या सूक्ष्म कंपनातून, एक खूण घातली होती. घरगुती लेखनयंत्र चकतीवरील मजकूर उतरवी, ही खूण उतरवू शकत नसे. आणि ती नसल्यास यंत्र खेळ चालवीत नसे. त्यावर तोड म्हणून एक छोटी चिप निघाली. यंत्राच्या आत डाख देऊन ती बसविली की, खूण सापडल्याचा संकेत तीच यंत्रास देई. अशा यंत्रास बोलीभाषेत ‘चिप मारलेला प्लेस्टेशन’ म्हणत. संगणकाच्या वस्तूंसाठी उपनगरांतील तरुण पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, गाठीत.

येथे लोकमतास प्रथमच कुलूप भेटले. ‘यंत्र माझे, ते मी उघडले तर कोणाचे काय गेले?’ हा प्रश्न पहिल्या मतातूनच निघतो. ज्याने स्कूटर विकत घेतली त्याला तिचे इंजिन उघडण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही. मग खेळयंत्रालाच वेगळा न्याय का, असे विचारणारा मनुष्य अप्रामाणिकच असतो असे नव्हे. त्याचा युक्तिवाद जंगम वस्तूच्या मालकीचा आहे.

३. कायद्याची भूमिका

भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली ‘वाङ्मयकृती’च्या व्याख्येत समाविष्ट झाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने खेळाची आज्ञावली ही कादंबरीच्या पंक्तीस बसली. कादंबरीची प्रत विकत घेणारा कागदाचा मालक होतो, मजकुराचा नव्हे; तसेच येथेही. शिवाय आज्ञावलीच्या बाबतीत, काही अपवाद सोडता, प्रत व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्कही हक्कधारकाकडे राहतो. कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानाची कल्पना येथे कायद्याशी सरळ विसंगत ठरते.

परंतु लोकमत आणि कायदा यांत सर्वत्र विरोध आहे, असे मानणे चुकीचे होईल. कलम ५२ अन्वये, आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे जवळ बाळगणाऱ्यास नाशापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. स्वतः रीतसर मिळविलेल्या प्रतीवरून व्यक्तिगत, अव्यापारी उपयोगासाठी नक्कल करण्यासही तेथे वाव आहे. १९९४ मध्ये आलेल्या कलम ६३-ब प्रमाणे अवैध प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा अपराध आहे व त्यास कारावासाची तरतूद आहे. तथापि वापर लाभासाठी वा व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कारावास न देता दंडावर भागवू शकते. तिसऱ्या मतात जो भेद आहे तोच येथे, सौम्य रूपाने का होईना, कायद्यानेही मानला आहे. २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ कुलूप तोडण्याविषयीचे आहे; पण त्यातही हक्काचा भंग करण्याचा हेतू हा अपराधाचा घटक ठरविलेला आहे. केवळ कुलूप उघडले, एवढ्यावरून तेथे अपराध सिद्ध होत नाही.

आज्ञावली ही वस्तू की परवानगी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आलेला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ साली न्यायालयाने असे ठरविले की, चकतीसारख्या माध्यमावर उतरवून बाजारात विकली जाणारी तयार आज्ञावली ही ‘माल’ होय. म्हणून तिच्यावर विक्रीकर बसू शकतो. पुढे २०२१ मध्ये, परदेशी पुरवठादारांना आज्ञावलीपोटी दिलेल्या रकमा ‘रॉयल्टी’ ठरतात काय, असा आयकराचा प्रश्न आला. त्या वेळी न्यायालयाने स्वामित्वहक्क आणि स्वामित्वहक्काने युक्त अशी वस्तू यांत स्पष्ट भेद केला, व ग्राहकास मिळते ती दुसरी, असा निर्णय दिला. दोन्ही प्रकरणे कराची होती. नकलेच्या परवान्याची नव्हेत. तथापि ‘मी वस्तू विकत घेतली’ असे म्हणणारा ग्राहक निव्वळ भ्रमात नसतो, हे त्यांवरून दिसून येईल.

४. ‘कॉपी’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘कॉपी’ म्हटले की प्रथम परीक्षेतील कॉपी आठवते, आणि ती निंद्य समजली जाते. तोच शब्द चकतीला लावला की त्यातील निंदा गळून पडते. हा विरोधाभास वरवरचा आहे. परीक्षेत नक्कल करणारा दुसऱ्याचे ज्ञान आपल्या नावावर दाखवितो. चकतीची नक्कल करणारा तो खेळ आपण रचला असे कधीच म्हणत नाही. लोकमत नकलेला दोष देते ते नावाच्या अपहारासाठी. प्रतींच्या संख्येसाठी नव्हे.

या वृत्तीस येथे जुना आधार आहे. हस्तलिखितांच्या काळात पोथी उतरवून घेणे हे पुण्यकर्म मानले जाई. संतकवींनी आपली नाममुद्रा अभंगात गुंफली, ती कर्तृत्वाची खूण म्हणून. प्रतींवर बंधन घालण्यासाठी नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. त्यांची चिंता पाठाच्या शुद्धतेची होती. आजच्या कायद्यातील कलम ५७ लेखकाचे नाव आणि कृतीची अविकृतता या दोहोंचे रक्षण करते. चौथे मत या कलमाशी पूर्णपणे जुळते. ज्याच्याशी ते जुळत नाही ते कलम १४, म्हणजे प्रती काढण्याचा आर्थिक हक्क. हा हक्क मुद्रणयंत्राबरोबर आला. त्याला जुन्या परंपरेत प्रतिरूप नाही.

५. दुसऱ्या मताची मर्यादा

मूळ वस्तू जागेवरच राहते म्हणून कोणाचे काही जात नाही, हे मत मात्र तपासणीत टिकत नाही. त्याच्या समर्थनार्थ बहुधा बड्या परदेशी कंपनीचे उदाहरण दिले जाते. मराठी टंकांचे उदाहरण घेतले की चित्र बदलते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारख्या आज्ञावलींवर आणि सी-डॅकच्या साधनांवर अवलंबून होती. ग्राहकवर्ग लहान, अक्षरे रेखाटण्याचे काम मात्र कष्टाचे. देवनागरीची जोडाक्षरे धरता एका टंकात शेकडो आकृत्या काढाव्या लागतात. अशा ठिकाणी प्रत्येक फुकट नक्कल निर्मात्याच्या मोजक्या ग्राहकांपैकी एक कमी करण्याचा संभव असतो. झळ लागते ती दूरच्या धनिकास नव्हे, आपल्याच भाषेच्या कारागिरास.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. त्या काळी प्रत्येक निर्मात्याची अक्षरसंकेतांची मांडणी वेगळी होती. विशिष्ट टंक नसेल तर मराठी मजकूर रोमन चिन्हांच्या निरर्थक ओळी होऊन दिसे. त्या टंकात लिहिलेला एखादा प्रबंध आज उघडावयाचा तर तो टंक, किंवा त्याचे रूपांतर करणारे साधन, लागते. म्हणजे लेखकाचा स्वतःचा मजकूरही दुसऱ्याच्या परवानगीत अडकतो. युनिकोडने ही अडचण पुढच्या लेखनापुरती दूर केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’सारखे टंक खुल्या परवान्याखाली दिले, तेव्हा निर्मात्याचे नाव राखून नक्कल मोकळी करण्याचा मार्गही दिसला. चौथे मत आणि दुसरे मत यांचा मेळ येथे रीतसर घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

६. वस्तू नाहीशी झाल्यानंतर

आता पहिल्या मताकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण आज खरा धोका त्याला आहे. ‘प्लेस्टेशन ५’ २०२० मध्ये आले तेव्हा चकतीची खाचच नसलेली आवृत्तीही त्याबरोबर आली. तीत खेळ केवळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. उसना देणे, जुना म्हणून विकणे, हे व्यवहारच उरत नाहीत. निंटेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांच्या इंटरनेट-दुकानांतील विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली. युबिसॉफ्टने २०१४ चा ‘द क्रू’ हा खेळ ज्या सर्व्हरांवर चालत होता ते ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. त्यामुळे ज्यांच्याजवळ विकत घेतलेली चकती होती त्यांनाही तो खेळता येईना. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२५ पासून असा नियम केला आहे की, मिळणारी गोष्ट ही केवळ परवाना असल्याचे स्पष्ट सांगितल्यावाचून विक्रेत्याने अशा व्यवहारास ‘खरेदी’ म्हणू नये.

‘पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली’ हे मत एके काळी कायद्याच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून सांगितले जाई. आज तेच मत ग्राहकाच्या एका गंभीर तक्रारीचा आधार झाले आहे. कुलूप कंपनीच्या हाती असेल, आणि ती उद्या दुकान बंद करील, तर परवानाधारकाजवळ काय उरते? अशा खेळाचा इतिहास पुढे कोणी लिहू इच्छील तर त्याने तो कोठे पाहावा? ज्या नकलांना काल सर्वस्वी त्याज्य मानले गेले, त्यांतूनच काही कृती टिकून राहतील असाही संभव आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. नकलेविषयीचे लोकमत हे एक मत नसून, नाव कोणाचे, प्रत कोणी काढावी आणि ताबा कोणाचा, या तीन प्रश्नांची तीन उत्तरे आहेत. नावाच्या प्रश्नावर लोकमत कायद्याइतकेच कठोर आहे. प्रतीच्या प्रश्नावर ते शिथिल आहे, आणि त्या शैथिल्याची किंमत प्रथम लहान भाषेतील निर्मात्यास मोजावी लागते. ताब्याच्या प्रश्नावर मात्र ते आजच्या बाजारव्यवहारापेक्षा अधिक न्याय्य असण्याचा संभव आहे. ‘नक्कल करणे तुम्हांस योग्य वाटते काय?’ एवढा एकच प्रश्न विचारणाऱ्या पाहणीत ही तीनही उत्तरे एकमेकांत मिसळून जातात. विद्यानगरीतील ज्या विद्यार्थ्यास या विषयावर काम करावयाचे असेल त्याने हे तीन प्रश्न वेगळे विचारावेत. त्यासाठी त्याला फार दूर जावे लागणार नाही. वाकोला जवळच आहे.