तूर, कपाशी आणि त्यांचे अदृश्य भागीदार

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावच्या काळ्या जमिनीत कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचा एक तास पेरण्याची जुनी रीत आहे. पावसाने दगा दिल्यास दोन्ही पिके एकदम हातची जाऊ नयेत हा तिचा उघड हेतू असला, तरी त्याच तासांमध्ये मातीखाली आणि पानांआड सजीवांचे अनेक व्यवहार चालू असतात. भिन्न जातींच्या सजीवांनी निकट सहवासात राहणे म्हणजे सहजीवन, अशी व्याख्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८७९ मध्ये केली. तीत परजीवीही येतात. ज्यात दोन्ही बाजूंचा लाभ होतो, त्या प्रकारास परस्परोपकार म्हणतात. हा उपकार निरपेक्ष मात्र नसतो.

तुरीचे रोप अलगद खणून मुळे धुतली की त्यांवर बारीक गाठी दिसतात आणि एखादी गाठ नखाने फोडली असता आतून गुलाबी रंग दिसतो. या गाठींत रायझोबियम गटातील जिवाणू राहतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. जिवाणू नायट्रोजिनेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि मोबदल्यात तूर त्यांना प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेले अन्न पुरवते. हा विकर ऑक्सिजनने निकामी होत असल्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते असलेले एक प्रथिन गाठीत ऑक्सिजनची मात्रा आटोक्यात ठेवते. गुलाबी रंग त्याचाच असतो.

भागीदाराने काम टाळल्यास काय होते, हे २००३ मध्ये सोयाबीनवरील एका प्रयोगात दिसले. गाठींभोवतीच्या हवेतून नायट्रोजन काढून घेतल्यावर जिवाणूंना तो स्थिर करता येईना. तेव्हा वनस्पतीने त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि तेथील जिवाणूंची वाढ खुंटली. उलट, जमिनीत युरिया मुबलक पडला, तर वनस्पतीलाच भागीदाराची गरज उरत नाही आणि गाठी कमी धरतात. तुरीने कमावलेला नायट्रोजन शेजारच्या कपाशीला त्याच हंगामात फारसा मिळत नाही. गळलेली पाने व मुळे कुजल्यावर त्याचा बराचसा लाभ पुढील पिकास होतो.

कपाशीचा व्यवहार पानामागे चालतो. पानाच्या मधल्या शिरेवर, देठाकडच्या बाजूस, खालून एक लहानसा खोलगट ठिपका असतो; ती फुलाबाहेरील मधुग्रंथी होय. तिच्यातील गोड रसासाठी मुंग्या, गांधीलमाश्या व ढालकिडे येतात आणि जाता-येता बोंडअळीची अंडी व लहान अळ्या फस्त करतात. पाने कुरतडली गेल्यास रसाचा स्राव वाढतो, म्हणजे गरजेच्या वेळी राखणदारांना अधिक मेहनताना मिळतो. तथापि, हीच मुंगी मावा या रसशोषक किडीने सोडलेला गोड चिकटा मिळावा म्हणून माव्याचे ढालकिड्यापासून रक्षण करते. एका व्यवहारात पिकाची राखणदार असलेली मुंगी दुसऱ्या व्यवहारात त्याच्या शत्रूची पाठराखीण ठरते. म्हणून ‘मित्रकीटक’ आणि ‘शत्रुकीटक’ ही नावे सजीवाची नसून त्या त्या नात्याची आहेत.

या नात्यांचे मोल ती जुळल्यावर आणि तुटल्यावर कळते. २००७ च्या सुमारास भारतातील कपाशीवर पिठ्या ढेकणाने मोठे संकट आणले. पुढे त्याच्या शरीरात अंडी घालणारी एनॅसिअस ही इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी शेतांत आढळली आणि तिने त्यास बऱ्याच अंशी आवर घातला. सरसकट फवारणीत किडीबरोबर अशा मदतनीसांचाही बळी जातो आणि मग उरलेल्या किडीला मोकळे रान मिळते.

त्यामुळे शेतातील सहजीवन टिकवणे म्हणजे त्याच्या अटी पाळणे होय. तुरीच्या बियाण्यास आधी बुरशीनाशक व नंतर जिवाणूसंवर्धक लावून ते सावलीत सुकवणे, तुरीला गरजेपेक्षा अधिक नत्र न देणे आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचेपर्यंत, म्हणजे नुकसान फवारणीच्या खर्चाहून अधिक होण्याची शक्यता निर्माण होईपर्यंत, फवारणी लांबवणे, या कृषितज्ज्ञांच्या शिफारशींमागे हेच विज्ञान आहे.