काळा घोडा, राणीचा बाग, चोरबाजार

शनिवार उजाडला की बोरघाटाने मोटारींची जी रांग वर चढू लागते ती पाहता, मुंबईकराच्या विश्रांतीस मौजे तुंगार्ली, तालुका मावळ, याहून सोयीचे ठिकाण नसावे असे कोणासही वाटेल. परंतु त्याच तुंगार्लीस बारमाही राहणाऱ्या माणसाने आपला शनिवार-रविवार कोठे घालवावा, याचा विचार सहलीच्या माहितीपत्रकांत केलेला आढळत नाही. त्याने खुशाल उलटी दिशा धरावी. १९३० सालापासून धावणारी दख्खनची राणी सकाळी लोणावळ्यास गाठली, तर साडेदहाच्या सुमारास बोरीबंदरास उतरता येते, आणि तेथून फोर्टातल्या कमानींच्या सावलीने रमतगमत गेले की काळा घोडा येतो.

या चौकाची हकीगत मोठी गमतीची आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राच्या, हिंदुस्थानभेटीचे स्मारक म्हणून आल्बर्ट ससून या धनिकाने करवून घेतलेला अश्वारूढ पुतळा येथे १८७९ साली बसविण्यात आला. लोकांनी स्वाराकडे साफ दुर्लक्ष करून घोड्यावरून चौकास नाव दिले. आणि १९६५ साली घोड्यासह स्वाराची भायखळ्यास रवानगी झाली तरी नाव मात्र जागचे हलले नाही. १९९९ साली सुरू झालेल्या फेब्रुवारीतल्या कला महोत्सवाने तेच नाव धारण केले, आणि २०१७ साली येथे नवा घोडा उभा राहिला तो स्वारावाचून. नावाला शोभावे म्हणून वस्तू आणावी लागण्याचा प्रसंग विरळाच.

पलीकडेच सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभे राहिलेले जहांगीर कलादालन आहे. आत मांडलेल्या चित्रांखाली चित्रकाराचे नाव असते. बाहेर पदपथावर मांडलेल्या चित्रांपाशी चित्रकार स्वतःच बसलेला असतो, आणि दालनात विचारण्यास संकोच वाटेल असे पुष्कळसे प्रश्न त्याला निःशंकपणे विचारता येतात. या दालनातले ‘समोवार’ उपाहारगृह २०१५ साली बंद झाले, ही गोष्ट जुन्या रसिकांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. शेजारचे, १९२२ साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय एका दिवसात पाहून होत नाही; त्यास स्वतंत्र शनिवार राखून ठेवावा.

माझे मत विचाराल, तर कारागिरी पाहण्यास त्याहून भायखळ्याच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय अधिक योग्य. लोकांस खुले झाले १८७२ साली व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट या जोडनावाने. ज्या विद्वान वैद्याने जगन्नाथ शंकरशेट यांच्या बरोबरीने त्यासाठी खटपट केली, त्याचे नाव त्यास मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. येथे सम्राटांच्या तलवारींपेक्षा बिदरी काम, हस्तिदंती कोरीवकाम, लाखकाम, आणि नाना व्यवसायांतल्या माणसांच्या मातीच्या लहान मूर्ती यांचा मान मोठा. कोणता जिन्नस कोठे व कसा घडत असे, याचे दप्तर जणू लाकडी कपाटांत मांडून ठेवलेले आहे. काळ्या घोड्यावरचा राजपुत्र याच आवारात मुक्कामास आहे. आणि घारापुरीचा तो दगडी हत्तीही, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला, परंतु उचलताना यारी मोडली आणि त्याचे तुकडे झाले. ते सांधून त्यास पुन्हा उभे करण्यास १९१४ साल उजाडले. भंगला म्हणून वाचला, असे ज्याच्याविषयी म्हणता येईल असे शिल्प माझ्या तरी माहितीत दुसरे नाही. बुधवारी हे संग्रहालय बंद असते. शनिवार-रविवारच्या पाहुण्यास त्याची क्षिती नाही.

रविवार चोरबाजारास द्यावा. तो ज्या गल्लीत आहे ती मटन स्ट्रीट भेंडीबाजाराच्या परिसरातली, आणि त्या परिसरात आता जुन्या चाळी पाडून टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. झुंबरे, हंड्या, लंबकाची घड्याळे, जहाजावरचे दिवे, हिंदी चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके, शिसवी खुर्च्या, कोणाच्या तरी पूर्वजांच्या चौकटीतल्या तसबिरी, असा एकावर एक रचलेला माल पाहताना मनात सारखे येते की या प्रत्येक वस्तूची आपल्या घराशी फारकत झालेली आहे, आणि त्या फारकतीचा कागद मात्र कोणापाशीच नाही. आमच्या मावळात, कार्ल्याच्या लेण्याचे द्वार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या पुत्राचे, नाव सुमारे दोन हजार वर्षे शिलालेखात टिकून आहे. येथल्या शंभर वर्षांच्या कपाटावर, ते घडविणाऱ्याच्या हाताची सफाई स्पष्ट दिसत असूनही, त्याचे नाव शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ती उणीव दुकानदार आपल्या कथनाने भरून काढतो. प्रत्येक घड्याळ त्याच्या मते कोण्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यातले असते.

ते कथन मनापासून ऐकावे, परंतु त्याचे पैसे देऊ नयेत. पितळेचा झळझळीत कर्णा लावलेले ग्रामोफोन बहुधा नव्याजुन्याची जुळवाजुळव असतात. मुद्दाम काळवंडविलेले पितळही काही कमी नसते. वस्तू उलटी करून तळ पाहावा, सांधे व खिळे पाहावेत, घड्याळ चालवून दाखविण्यास सांगावे, आणि मग घासाघीस करावी. भवानीच्या वेळी गेल्यास भाव थोडा लवकर उतरतो. मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे व तत्सम वस्तूंच्या काही वर्गांची सरकारदरबारी नोंद आवश्यक आहे, आणि अशी पुरावस्तू देशाबाहेर पाठविण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. तेव्हा मूर्ती जुनी असल्याची शपथ घेणाऱ्या दुकानदाराकडे नोंदणीचा दाखला मागावा. तो मागताच पुष्कळ मूर्तींचे वय झपाट्याने कमी होते. शुक्रवारी ही दुकाने बंद असतात व पहाटेपासून रस्त्यावर जुन्यापुराण्याचा जुमा बाजार भरतो. त्याची हौस असेल त्याने शुक्रवारची रजा काढावी.