वृद्ध रुग्णांची शुश्रूषा आणि वैद्यकीय शिक्षण

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशात ते ८.६ टक्के होते. वैद्यकीय शिक्षणाने मात्र या वर्गाची दखल उशिरा घेतली. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये जराचिकित्सेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. २०१९ पासूनच्या पदवी अभ्यासक्रमात हा विषय स्वतंत्र प्रकरण म्हणून आला. परंतु प्रकरण छापले म्हणजे विषय शिकविला गेला, असे नव्हे.

वार्धक्यातील आजार पुस्तकी लक्षणांनी प्रकट होतोच असे नाही. न्यूमोनिया झालेल्या वृद्धास ताप नसतो, तो केवळ असंबद्ध बोलू लागतो. घरची मंडळी 'आता वय झाले' म्हणतात आणि विद्यार्थीही ते मान्य करतो. वस्तुतः एक-दोन दिवसांत उद्भवलेला संभ्रम म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. त्यामागील कारण शोधल्यास तो बहुधा ओसरतो. हा भेद न शिकविल्यास रुग्ण दगावू शकतो.

औषधांची बाबही अशीच आहे. रक्तदाबाच्या गोळ्या एका डॉक्टरांच्या, गुडघेदुखीच्या परस्पर दुकानातून आणलेल्या. दोन्ही मिळून मूत्रपिंडास अपाय करू शकतात. केसपेपरवर हे दिसत नाही. घरातील गोळ्यांची पिशवी बाजेवर रिकामी केली की दिसते.

म्हणूनच हे शिक्षण वॉर्डात पुरे होत नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने पुढे कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभर लागू केला. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने जिल्ह्यातील खेड्यांनाही त्याचा लाभ घडू शकतो. जाफराबाद तालुक्यातील वृद्धास जालन्यास न्यावयाचे तर घरातील कोणाची तरी मजुरी बुडते. विद्यार्थ्याने त्याच्या घरी जाणे अधिक सयुक्तिक. मात्र भेटींची नोंदवही भरणे हाच हेतू उरला, तर ओसरीवर बसलेली आजी नोंदीतून सुटते, कारण ती स्वतःहून तक्रार करीत नाही.

तिला खुर्चीवरून उठून तीन मीटर चालावयास, वळून परत येऊन बसावयास सांगावे. बारा सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका संभवतो. या तपासणीस घड्याळाखेरीज काही लागत नाही. त्यानंतर समोर बसून, संथ आवाजात विचारावे : रात्री मोरीपर्यंत एकट्याने जाता येते काय?