कोणाचो?

बाई, भूत आणि हसू : लेखांक अकरावा

कोंडुरा या आठवड्यात नाही. गेल्या वेळी कबूल केलं होतं, खानोलकरांची ती कादंबरी पुन्हा वाचायलाही घेतली होती. पण मधेच कुडाळहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आणि मी त्यातच गुंतलो. पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' त्यांनी दोनदा पाहिला. त्या विचारतात, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर प्रभाचा नवरा खरंच येतो, की तिला भास होतो? आणि भासच असेल, तर दिग्दर्शिकेने आम्हाला तशी काही खूण द्यायला नको होती का?

प्रभाचा नवरा परदेशी, त्याची खबर नाही; जर्मनीहून चिठ्ठीचपाटीशिवाय आलेला तो लाल राइस कुकर आणि रात्री एकटीने त्याला कवटाळून बसलेली प्रभा, इथपर्यंत आपण पंधरा दिवसांपूर्वी आलो होतो. आता पुढचं. इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीला बिल्डर चाळीतून बाहेर काढतो, कारण तिच्या राहण्याचा एकही कागद तिच्यापाशी नाही. ती गावी परत निघते. तिला पोचवायला प्रभा आणि अनू या दोघी नर्स रत्नागिरीकडे येतात. तिथे एके दिवशी किनाऱ्यावर गलका होतो. बुडालेला माणूस सापडलाय. प्रभा धावत जाते, त्याची छाती दाबते, तोंडाने श्वास भरते, आणि माणूस वाचतो. गावातली एक बाई प्रभाला त्याची बायको समजते. प्रभा तिची समजूत मोडत नाही. मग खोलीतल्या मंद उजेडात तो माणूस तिच्याशी तिच्या भाषेत, मल्याळीत बोलायला लागतो, आणि जे बोलतो ते तिच्या नवऱ्याचं बोलणं असतं.

आमची देवबागची पट्टी इतकी अरुंद, की पुढच्या दारी समुद्राची गाज आणि मागच्या दारी कर्ली नदीचं पाणी. नदी समुद्राला मिळते तिथली ओढ नवख्याला कळत नाही. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी रापणीच्या माणसांना वाळूवर एक परका माणूस दिसला. तो गेलेला होता. पोलीस येईपर्यंत बायकाच त्याच्यापाशी बसून राहिल्या. एकीने घरातून धुतलेलं जुनं लुगडं आणून त्याच्यावर घातलं. दुसरी त्याच्या कानात भरलेली वाळू करंगळीने हळूहळू काढत होती, दुखेल म्हणून जपून काढावी तशी. पुरुष पुळणीवर येरझाऱ्या घालत होते. जी नवी बाई येई ती एकच प्रश्न विचारी, "ह्यो कोणाचो?"

हा कोण, असं कुणीही विचारलं नाही. आमच्याकडे माणसाचं नाव मागाहून येतं. आधी तो कुणाचा झील, कुणाचो घोव, हे कळावं लागतं. कुणाचाच नसलेला माणूस वाळूवर पडलेला आहे, हे त्या बायकांना सहनच होत नव्हतं. संध्याकाळी प्रेत नेलं, तरी दोन दिवस विहिरीवर तोच विषय होता.

पुढे कित्येक वर्षांनी गाब्रिएल गार्सिया मार्केसची 'जगातला सर्वात देखणा बुडालेला माणूस' ही कथा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून पुळणीवर जाऊन बसलो. १९६८ सालची कथा, किनाऱ्यावरचं एक लहानसं गाव. पोरांना एक प्रेत सापडतं. पुरुष आजूबाजूच्या गावांत चौकशीला जातात, हा तुमच्यातला कुणी आहे का म्हणून. इकडे बायका त्याच्या अंगावरचा चिखल आणि शेवाळ काढत बसतात, त्याला एस्तेबान असं नाव ठेवतात. पुरुष परत येऊन सांगतात की तो कुठल्याच गावचा नाही. तेव्हा बायकांना आनंद होतो, कारण आता तो त्यांचा. त्याला परका म्हणून कसा निरोप द्यायचा, म्हणून गावातल्याच माणसांतून त्याचे आईबाप निवडतात, काका आणि भावंडं निवडतात, आणि त्याच्यामुळे सगळं गाव एकमेकांचं नातलग होऊन बसतं. कोलंबियाच्या लेखकाला देवबागच्या बायका कशा ठाऊक, हा प्रश्न मला अजूनही पडतो. जादुई वास्तववाद म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी व्याख्या सांगत नाही, ही कथा वाचायला देतो.

आता रत्नागिरीच्या त्या खोलीत परत या. प्रभाच्या आयुष्यातला चमत्कार आकाशातून पडलेला नाही. तो एका गैरसमजातून निघाला आहे, आणि गैरसमज आपल्या रोजच्या सवयीतला आहे. बाई पुरुषाला हात लावते आहे, तेव्हा ती त्याची बायकोच असणार. इतक्या वर्षांत नवऱ्याने जिला बायकोपण दिलं नाही, तिला एका परक्या गावात, परक्या बाईने ते क्षणात देऊन टाकलं. मला इथे हसू आलं होतं, आणि त्याच श्वासात गळाही दाटला होता. या लेखमालेत मी ज्या काळ्या हसण्याच्या मागे लागलो आहे ते हेच. विनोद आणि चमत्कार या प्रसंगात एकाच जागी उभे आहेत.

तो माणूस खरा कोण, याचं साधं उत्तर किनाऱ्यावरच्या कुणालाही देता येईल. आमच्या समुद्रात मलपीचे ट्रॉलर येतात, त्यांवर खलाशी कुठकुठले असतात. रत्नागिरीला मल्याळी बोलणारा खलाशी लागला तर त्यात अद्भुत काही नाही. कपाडियांनी हे दारही उघडं ठेवलं आहे. आणि खूणच हवी असेल तर ती मुंबईच्या भागात आहे. इस्पितळातली एक म्हातारी प्रभाला सांगते, की मेलेला नवरा आपल्याला दिसतो. तेव्हा प्रभा तिच्याकडे नर्सच्या नजरेने बघते. पुढे तीच प्रभा आपल्या नवऱ्याशी बोलत बसते, आणि तिला गोळ्या द्यायला कुणी येत नाही.

मला मात्र खूण नकोच आहे. जत्रेत धयकाल्याला, म्हणजे दशावताराला, बसलेल्या माणसाला ती लागत नाही. दशावतारात पडदा नसतो. एक बाकडं मांडलेलं असतं, तेच सिंहासन, तोच रथ. आधी आड दशावतारात काळा शंकासुर येतो, लाल जीभ हलवत मालवणीत असं काही बोलतो की पोरांची हसून मुरकुंडी वळते. मग आख्यान उभं राहतं. ज्याला मघाशी देवळामागे चहा पिताना, बिडी ओढताना पाहिलं, तोच गडी नऊवारी नेसून तारामती म्हणून येतो आणि पहाटे तीन वाजता मेलेल्या रोहिदासाला मांडीवर घेतो. समोर बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावतात. हा पुरुष आहे हे त्यांना ठाऊक असतं. तारामती रडते आहे हेही ठाऊक असतं. दोन्ही एकाच वेळी खरं मानायला आमच्या बायकांना कुणी शिकवलेलं नाही. कुडाळच्या बाईंनी अशा कितीतरी रात्री जागवल्या असतील, तेव्हा माझ्या म्हणण्याचं मर्म त्यांना पटकन कळेल.

नवऱ्याच्या रूपात दुसराच कुणी येणं ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. विजयदान देथांच्या राजस्थानी कथेत व्यापाऱ्याचा मुलगा लग्न करतो आणि लगेच पाच वर्षांसाठी धंद्याला निघून जातो. नव्या नवरीवर एका भुताचा जीव जडतो, ते नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. पण तिला फसवत नाही, मी कोण ते आधी सांगतं. ती त्याला ठेवून घेते. मणि कौलांनी १९७३ मध्ये 'दुविधा' केला, आपल्या अमोल पालेकरांनी २००५ मध्ये 'पहेली'. खरा नवरा परततो तेव्हा दोन नवरे समोरासमोर उभे राहतात, निवाडा होईना म्हणून एका मेंढपाळाला मध्ये घालतात. तो दोघांना एकेक परीक्षा देतो, शेवटी भूत चामड्याच्या पिशवीत शिरतं आणि अडकतं. खरं काय ते सगळ्या गावात एकाच माणसाला ठाऊक असतं. ती बायको. तिला कुणी विचारत नाही! इतका काळा विनोद मी दुसऱ्या कुठल्या लोककथेत पाहिलेला नाही. पालेकरांनी शेवट बदलला, भूत नवऱ्याच्या देहात परत आणलं. थिएटरमधून बाहेर पडताना बरं वाटतं, पण रात्री झोप उडवतो तो कौलांचा शेवट.

कपाडियांची प्रभा या दोन्हींच्या पुढे जाते. देथांच्या नवरीला भुताला हो म्हणता आलं. प्रभाला नाही म्हणता येतं. तो आपल्याबरोबर चल म्हणतो आणि ती नकार देते. खऱ्या नवऱ्याला हे सांगायची सोयच नव्हती, कारण तो कुठे आहे तेच तिला माहीत नव्हतं. नकार द्यायलासुद्धा समोर माणूस लागतो. तेवढ्यासाठी समुद्राला एक माणूस वर आणावा लागला. आणि ती तो नकार ज्या शांतपणे देते, त्या वेळचा, प्रभा झालेल्या कनी कुसृतीचा चेहरा पाहाच, त्यावर मी आणखी लिहीत नाही.

करण कंधारींच्या 'सिस्टर मिडनाइट'बद्दलही दोघातिघांनी विचारलं आहे. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात कपाडियांना ग्राँ प्री मिळालं, त्याच महोत्सवात डायरेक्टर्स फोर्टनाइटमध्ये तोही दाखवला गेला, आणि दोन्हींत छाया कदम आहेत. इकडे त्या पार्वती, तिकडे शेजारीण शीतल. राधिका आपटेची उमा मुंबईतल्या एका खोलीत लग्न होऊन येते, तिला स्वयंपाक येत नाही, नवऱ्याला संसार येत नाही. पुढे ती पाखरांना, बकऱ्यांना चावू लागते आणि मेलेली ती जनावरं हलत्या बाहुल्यांसारखी परत चालत येतात. सुरुवातीचा अर्धा भाग मला फार आवडला, चूल आणि उमा यांचं वैर तर अगदी घरातलं. नंतर चमत्कार इतके वाढतात, की त्यांच्या गर्दीत उमाचा त्रास मला दिसेनासा होतो. पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या फलकावर दगड मारतात, तेवढ्या एका दगडात मला जास्त मिळतं. दोन मध्यमवयीन बायका, पोरांसारख्या नेम धरून! छाया कदम तो दगड असा फेकतात, की गिरणगावच्या कितीतरी चाळींतल्या बायका त्यांच्यामागे उभ्या आहेत असं वाटतं.

पत्राला उत्तर लिहिण्याआधी मी एक केलं. शेजारच्या काकींना हा सिनेमा दाखवला, आमच्या पडवीत, लॅपटॉपवर. काकी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला घरी, बाकी वर्षभर मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असायचं, त्यावर दोन ओळी लिहिण्याएवढी जागा असे. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि ते कूपन फाडून हातात ठेवायचा. काकींनी ती कूपनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. मी पाहिली आहेत. बहुतेकांवर मजकुराची जागा कोरी आहे. एकावर फक्त "छप्पर शाकारून घे" एवढंच.

कुकर आला तेव्हा काकी काही बोलल्या नाहीत, नुसत्या पुढे सरकून बसल्या. अनू आणि पार्वती दारू पिऊन नाचतात तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या. बुडालेला माणूस बोलायला लागला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहत होतो. परदेशात काम करतो तिथे अंधार असतो, दिवस कुठला रात्र कुठली कळत नाही, असं तो प्रभाला सांगत होता. कुकराबरोबर जे पत्र यायला हवं होतं ते आत्ता येत होतं. मी हळूच विचारलं, काकी, हा तिचा नवरा की दुसराच कुणी?

काकींनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "तिका बोलूचा होता, म्हणान तो इलो."

हेच मी कुडाळला कळवलं आहे, काकींच्याच शब्दांत.

सिनेमा संपला, मी दिवा लावला. काकी उठता उठता म्हणाल्या, "तो कुकर गावाक हाडल्यान नाय, ता बरा केल्यान." कुकर मागेच राहिला, हा विचार माझ्या डोक्यात तोवर आलाच नव्हता.

कोंडुरा पुढच्या आठवड्यात नक्की. बेनेगलांनी १९७८ मध्ये त्यावर सिनेमा केला, त्यात वरदान मिळतं परशुरामाला आणि ब्रह्मचर्याची अट निभवावी लागते त्याच्या बायकोला. तिच्यापासूनच सुरुवात करणार आहे. त्याआधी वेंगुर्ल्याला जाऊन कोंडुऱ्याचा किनारा एकदा पुन्हा पाहून येतो, ओहोटी धरून गेलं पाहिजे.