मोटारीचा उडालेला फ्यूज : तो शोधावा कसा व बदलावा कसा

आमच्या सातगांव पठारावर बटाट्याची काढणी सुरू झाली म्हणजे पेठ, कुरवंडी, भावडी ह्या गांवांहून भरलेल्या पिकअप गाड्या रात्रीं-अपरात्रीं मंचरच्या व पुण्याच्या बाजाराकडे निघतात. पूर्वीं दारीं बैल असत, आणि बैल कां लंगडतो हें घरांतल्या पोरासही कळे. आतां दारीं गाडी आली, पण तिच्या दुखण्याची ओळख मात्र तिच्याबरोबर आली नाहीं. ह्या दुखण्यांतील सर्वांत साधें दुखणें म्हणजे उडालेला फ्यूज. तें ज्यास ओळखतां येतें त्याचें काम दहा मिनिटांत होतें. ज्यास येत नाहीं, तो एक तर रात्र रस्त्यावर काढतो, किंवा भलताच उपाय करून गाडी गमावून बसतो. हा दुसरा प्रकार आम्हीं स्वतः केलेला आहे. सबब तो आधीं सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं घरच्या गाडीचे मागचे लाल दिवे एकाएकी बंद पडले. पाहतों तों फ्यूज उडालेला. नवा बसविला, तो आठ दिवसांत उडाला. तिसऱ्या वेळीं डबींत १० नंबरचा तांबडा फ्यूज शिल्लक नव्हता, ३० नंबरचा हिरवा होता. “काका, हा दमदार आहे, उडायचा नाहीं,” असें म्हणून पुतण्यानें तो बसविला, व आम्हीं मान डोलाविली. फ्यूज खरोखरच उडाला नाहीं. त्याच रात्रीं तीस गोणी बटाटा भरून अवसरीच्या घाटांत शिरलों, तोंच समोरच्या फळीखालून रबर जळाल्याचा वास आला, धूर निघाला, आणि पुढचे-मागचे सारे दिवे एकदम गेले. पुतण्यानें गाडी कशीबशी कडेला घेतली. मागून येणाऱ्या मालट्रकास आमची गाडी दिसली ती अगदीं जवळ आल्यावर. त्याच्या ड्रायव्हरनें ब्रेक दाबला म्हणून आज आम्ही हें लिहीत आहों. सकाळीं मिस्त्रीनें उघडून दाखविलें, तेव्हां मागच्या दिव्यांच्या वायरीवरील वेष्टण उंदरानें कुरतडलेलें होतें, आणि उघडी तांब्याची तार गाडीच्या पत्र्यास लागत होती. त्या वायरीच्या आंचेनें शेजारच्या वायरीही वितळल्या होत्या. लहान फ्यूज तीनदां हेंच ओरडून सांगत होता. आम्हीं त्याचें तोंड बंद केलें.

फ्यूज म्हणजे काय?

फ्यूज ह्या शब्दाच्या मुळाशीं वितळणें हाच अर्थ आहे. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाणाऱ्या वाटेंत मुद्दाम एक नाजूक पट्टी ठेविलेली असते. ठराविक प्रमाणापेक्षां अधिक वीज वाहूं लागली कीं ती पट्टी तापून वितळते, वाट तुटते, आणि पुढची वायर जळण्यापासून वांचते. बांधावरून पाणी फुटूं नये म्हणून पाटाला सांडवा ठेवतात, तसाच हा प्रकार.

त्याचा हिशेब सोपा आहे. आपल्या मोटारी व पिकअप ह्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते. दिव्याचे वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ६० वॅटच्या हेडलाईटच्या एका बल्बास ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर लागतात, दोहोंस १०. दोघांस मिळून एकच फ्यूज असेल तर तो १५ चा घालतात, म्हणजे गरजेहून थोडा वर, पण वायरीच्या कुवतीच्या आंत. तेथें ३० चा घातला, तर २५ अँपिअर वाहिले तरी फ्यूज स्वस्थ बसतो आणि वायर मात्र भाजून निघते. अर्थात् फ्यूजाचा आंकडा दिव्याची ताकद वाढवीत नाहीं. तो वायरीच्या सहनशक्तीची मर्यादा सांगतो.

शोधावा कसा?

प्रथम गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, चावी बंद करावी व मागें बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. दगड मांडूं नयेत. ते मागाहून रस्त्यावरच राहतात व दुसऱ्याचा घात करितात. जुन्नर वनविभागाच्या ह्या मुलखांत बिबट्याचा वावर आहे, म्हणून रात्रीं ऊंसाच्या कडेला एकट्यानें खालीं बसून काम करूं नये. एकानें बॅटरी धरून उभें राहावें.

मग बंद काय पडलें तें नीट पाहावें. एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो. परंतु कांहीं गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्यास निरनिराळे फ्यूज असतात, म्हणून तोही पाहावा. दोनतीन वस्तु एकदम बंद पडल्या, तर त्यांचा सामायिक फ्यूज उडाला असें समजावें.

फ्यूजांची पेटी बहुतेक गाड्यांत दोन ठिकाणीं असते : एक ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशीं समोरच्या फळीखालीं, दुसरी बॉनेटखालीं बॅटरीजवळ. झाकणाच्या आंतील बाजूस नकाशा असतो. आमच्यासारख्या मराठी शाळेंत शिकलेल्यासही त्यांतील दिव्याचें, हॉर्नचें, वायपरचें चित्र समजतें. सातबाऱ्यावर जसा गट नंबर, तसा येथें प्रत्येक घराचा नंबर. गाडी घरीं उभी असतांना दिवसाउजेडीं हा नकाशा एकदां मुलांसह वाचून ठेवावा.

फ्यूज काढण्यास पेटींतच प्लॅस्टिकचा लहान चिमटा असतो. तो नसेल तर बोटांनीं सरळ ओढावा. फ्यूजाच्या रंगीत अंगांतून आंतील पट्टी दिसते. ती अखंड असेल तर फ्यूज चांगला. मध्यें तुटलेली किंवा अंग काळवंडलेलें असेल तर उडालेला. डोळ्यांनीं उमगलें नाहीं, तर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्यावा. त्याचा चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडास लावून चावी व त्या वस्तूचें बटण चालू करावें, आणि फ्यूजाच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांस टोंक लावून पाहावें. दोहोंकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत. एकीकडेच लागला तर उडालेला. कोठेंच लागला नाहीं तर वीज फ्यूजापर्यंत आलीच नाहीं, दोष मागें आहे.

बदलावा कसा?

पात्यांच्या फ्यूजाचे रंग ठरलेले आहेत : ५ चा बदामी, ७॥ चा तपकिरी, १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा वा पारदर्शक, आणि ३० चा हिरवा. आंकडा माथ्यावरही छापलेला असतो. चावी बंद करून, नकाशांत लिहिला असेल त्याच आंकड्याचा नवा फ्यूज बसवावा. निघालेल्या फ्यूजावर विश्वासूं नये. आमच्यासारख्या कोणी शहाण्यानें तेथें भलताच बसविलेला असूं शकतो. जवळ नवा नसेल तर रेडिओचा किंवा दुसऱ्या कमी निकडीच्या वस्तूचा त्याच आंकड्याचा फ्यूज तात्पुरता काढून घालावा.

विहिरीवरच्या मोटारीच्या किटकॅटमध्यें जाड तार गुंडाळण्याची संवय आपणां शेतकऱ्यांस लागलेली आहे. तीच संवय गाडींत आली, आणि सिगारेटच्या पाकिटांतील चांदी किंवा तांब्याची तार लावून लोक गाडी हांकतात. असें कदापि करूं नये. तार उडत नाहीं. जळते ती गाडी.

नवा फ्यूज टिकला तर उत्तम. तत्काळ पुन्हां उडाला, तर तिसरा घालूं नये. ती वस्तु बंद ठेवावी, आणि ती हेडलाईट किंवा मागचा दिवा असेल तर उजाडेपर्यंत गाडी हलवूं नये. बाजार एक दिवस चुकला तरी बटाटा राहतो.

कारण शोधावें

फ्यूज क्वचित् वयानें जातो. वरचेवर गेला तर कारण असतेंच. आमच्याकडे पहिलें कारण उंदीर. धान्य व पेंढ्याशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाडींत ते घर करितात. सबब आठवड्यांतून एकदां बॉनेट उघडून पाहावें. दुसरें, मागच्या दिव्यांत शिरलेलें पाणी. तिसरें, हौसेनें वरून बसविलेले जादा दिवे, भोंगे व गाण्यांचीं यंत्रें. त्यांचा भार कारखान्यानें मोजलेला नसतो, त्यांस स्वतंत्र फ्यूज व वायर पाहिजे. बॅटरीजवळील बोल्टांनीं आवळलेले मोठे फ्यूज, आणि विजेवर चालणाऱ्या गाडींतील नारिंगी वायरी, ह्यांस मात्र घरीं हात लावूं नये. तें मिस्त्रीचें काम.

गाडींत एका डबींत प्रत्येक आंकड्याचे दोन-दोन फ्यूज, टेस्ट लॅम्प व हातबॅटरी ठेवावी. सारा खर्च एका गोणीच्या भाड्याइतकाही नाहीं. आमच्या डबींत आतां तांबडे फ्यूज चार आहेत. हिरवा आहे तोही ठेविला आहे, पण त्यावर पुतण्यानें चिकटपट्टी लावून ‘विचारल्याशिवाय लावूं नये’ असें लिहिलें आहे.