लांब पल्ल्याचे स्वार

पावसाळा ओसरला, सह्याद्रीवरचे धुके विरळ झाले की शनिवारी-रविवारी भल्या पहाटे गोव्याच्या वेशींवर एक वेगळीच वर्दळ सुरू होते. पत्रादेवीकडून मुंबई-पुण्याचे, चोर्ला घाटातून बेळगावचे आणि अनमोड-मोलेच्या वाटेने हुबळी-बंगळूरचे मोटारसायकलस्वार खाली उतरत असतात. त्याच सुमारास म्हापशाचे, फोंड्याचे, मडगावचे आमचे तरुण घाट चढत असतात. त्यांची वाहने आपल्या जुन्या ओळखीच्या फटफटीसारखी नसतात. टाकीवर छाती टेकेल इतके वाकून बसायचे, हात खाली, पाय मागे दुमडलेले, पुढे वारा कापणारे कवच आणि आवाज असा की वाड्यावरची कुत्रीदेखील अंमळ विचार करूनच भुंकतील! शर्यतीच्या मोटारसायकलीचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून घडविलेले हे यंत्र घेऊन ही मुले कन्याकुमारीला जातात, कच्छच्या रणात जातात, काही तर थेट लडाख गाठतात. ज्या वाहनावर तासभर बसले तरी आमच्या पिढीची कंबर धरेल, त्यावर ती दहा-दहा दिवस काढतात.

या छंदाकडे पाहण्याच्या दोन रीती आमच्याकडे रूढ झाल्या आहेत. वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावून ‘ह्या गाड्यांवर बंदीच घालावी’ असे म्हणतात, तर विक्रेते आणि जाहिरातवाले वेग म्हणजेच पुरुषार्थ असे मुलांच्या कानी फुंकतात. पहिल्यांना मुलाचे हातपाय शाबूत हवे असतात. दुसऱ्यांना त्याच्या बापाने भरावयाचे हप्ते हवे असतात. या छंदात खरोखर काय मोलाचे आहे आणि काय घातक आहे, याचा शांतपणे विचार करण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.

लांबच्या प्रवासाची ओढ आम्हां लोकांना नवी नाही. वरसईचे गोडसे भटजी 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडूनही झाशीची हकीगत घेऊन परतले. पंढरीची वाट पायी तुडविणाऱ्यांत गोमंतकीयही आहेत. आणि पत्रादेवीच्या ज्या सीमेवरून हे स्वार आज भरधाव आत येतात, तेथे 15 ऑगस्ट 1955 रोजी काय घडले हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. पोर्तुगीजांच्या बंदुकांपुढे त्या दिवशी उभ्या राहिलेल्या सत्याग्रहींत पंजाबातून इतका लांबचा पल्ला गाठून आलेला तरुण कर्नेलसिंग होता. तो तेथेच पडला. आज ती वेस ओलांडताना कोणाला परवाना दाखवावा लागत नाही. गोव्याच्या तरुणाने सकाळी घरच्या देवापुढे गाऱ्हाणे घालावे आणि मनात येईल त्या दिशेला चाक वळवावे, ही गोष्ट 1961 पूर्वी इतकी साधी नव्हती. त्यामुळे कोणी तरुण मोटारसायकलीवरून देश पाहावयास निघतो, तेव्हा आम्हांला प्रथम बरेच वाटते. बंदीची भाषा आम्हांला पसंत नाही.

मात्र ज्या यंत्रावर तो निघाला आहे, त्याचा स्वभाव त्याने नीट ओळखला पाहिजे. स्वार पुढे झुकला की वाऱ्याचा अडथळा कमी होतो, पुढच्या चाकावर भार येतो आणि वळणावर ते चाक रस्ता घट्ट धरून ठेवते; या बैठकीमागे असे शास्त्र आहे. परंतु तिचा आणखी एक गुण आहे, तो फारसा बोलला जात नाही. वेग वाढत गेला की समोरून येणारा वारा स्वाराच्या छातीला आधार देतो आणि मनगटांवरचे ओझे हलके होते. उलट म्हापशाच्या बाजारातून ताशी वीसच्या गतीने वाट काढताना हा आधार नाहीसा होतो, धडाचा भार तळहातांवर येतो, बोटे बधिर होतात, मान आखडते आणि मांड्यांमध्ये इंजिनाचा निखारा धगधगत असतो. म्हणजे सावकाश जाण्याने अंग दुखते आणि जोरात जाण्याने सुख वाटते! तरुण रक्ताला वेगाचा मोह असतोच. येथे शरीराची कुरकुरही त्याच मोहाच्या बाजूने साक्ष देते. जुने जाणते स्वार यावर उपाय करतात तो असा: गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, भार पाठीवर आणि पोटावर पेलायचा, हात अगदी सैल ठेवायचे आणि तास-दीड तासाने खाली उतरून चार पावले चालायचे. हे जमले नाही तर दुपार होईतो माणूस थकतो, आणि थकलेला माणूस घाईला येतो.

बाकीच्या खोडीही काही कमी नाहीत. या गाडीचे हँडल फार थोडे वळते, त्यामुळे चोर्ल्यातील आवळ वळणावर समोर मालट्रक आला तर तिला झटकन बाजूला घेणे कठीण जाते. पोट जमिनीला लागून असल्याने गावोगावच्या बेढब गतिरोधकांवर ते घासते. मागे सामानाचे जड गाठोडे बांधले तर पुढचे चाक हलके पडते, आणि पिशवीचा लोंबता पट्टा साखळीत अडकला किंवा सायलेन्सरला टेकला तर काय होते, हे एकदा पाहणारा पुन्हा तशी गाठ बांधत नाही. साखळीला दर चार-पाचशे किलोमीटरांवर तेल हवे, टायरची हवा रोज सकाळी चाके थंड असतानाच तपासायला हवी. दसऱ्याला झेंडूची माळ घालून आणि चाकाखाली लिंबू ठेवून आमची मुले गाडीची पूजा मनोभावे करतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांची पूजा म्हणजे ही तेलाची बाटली आणि हवेचे माप होय.

या संदर्भात एका अमेरिकन प्रवासाची आठवण होते. रॉबर्ट पिर्सिग नावाचा लेखक 1968 साली आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून मिनियापोलिसहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे निघाला. त्याची गाडी होती होंडाची सुपर हॉक: अवघी 305 सीसी, 28 अश्वशक्ती, पण त्या काळी चपळ स्पोर्ट्‌स मोटारसायकल म्हणून नावाजलेली. आज आमच्या कॉलेजातली मुले याहून जोरदार गाड्यांवर फिरतात. त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक 121 प्रकाशकांनी नाकारले आणि 1974 साली प्रसिद्ध होताच जगभर गाजले. ती मोटारसायकल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेली आहे. पिर्सिग काही काळ काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकला होता, हे आमच्या वाचकांना विशेष वाटावे. पुस्तकातील निवेदक मोठे हमरस्ते टाळून आडवाटेने जातो, मुक्कामी साखळी ताणून घेतो, स्पार्क प्लगवरची काजळी पाहून डोंगरावरच्या विरळ हवेचा अंदाज बांधतो. त्याच्या सोबत्याची गाडी अधिक महाग आहे, पण तिला स्वतः हात लावण्याचा त्या गृहस्थाला तिटकारा आहे. आपण ज्यावर जीव ठेवून बसतो त्या यंत्राची अंतर्बाह्य ओळख करून घेणे हाही एक विचार आहे, अशी पिर्सिगची धारणा. आमच्याकडच्या किती स्वारांना रस्त्यात साखळी ताणता येते? विक्रेत्यानेच सर्व्हिसिंग करावे आणि आपण फक्त मूठ पिळावी, हा बाणा आता बळावला आहे.

कोणी म्हणेल, हा तत्त्वज्ञ माणूस. खऱ्या वेगवान स्वाराचे काय? तर तेही पाहू. निक सँडर्स या इंग्रज स्वाराने 1997 साली ट्रायम्फ डेटोना या अस्सल स्पोर्ट्‌स मोटारसायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. समुद्र ओलांडण्याचा काळ वगळता 31 दिवस 20 तासांत त्याने सुमारे 32 हजार किलोमीटर काटले आणि विक्रम नोंदविला. आमच्या विक्रमवेड्या मुलांनी येथे थोडा भागाकार करावा. रात्रंदिवसाचे सगळे तास धरले तर या विक्रमवीराची सरासरी भरते ताशी 42 किलोमीटर! ताशी दोनशेच्या पुढे सहज धावणाऱ्या गाडीवर जगाचा विक्रम झाला तो न थांबता, न पडता, रोज हजार किलोमीटर नेटाने जात राहिल्यामुळे. पत्रादेवी ते पणजी हे अंतर दहा मिनिटे लवकर तोडून लांबच्या प्रवासात काहीही पदरात पडत नाही.

वेगाची किंमत मात्र भारी पडते. ताशी 60 च्या गतीत गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. ताशी 120 च्या गतीत 33 मीटर. संकट दिसून ब्रेकवर बोट जाईपर्यंतचा हा हिशेब. त्यानंतर थांबावयास लागणारे अंतर दुप्पट वेगाला चौपट होते. 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर मोटारसायकलीला ताशी 80 आणि इतर रस्त्यांवर 60 ही मर्यादा घातली, ती काही कारकुनी लहर नव्हती. केंद्रीय मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे 2022 साली देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतील 74,897 दुचाकीवरची होती. त्याच वर्षी हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या 50,029. यांत 14 हजारांहून अधिक मागे बसलेले होते, हे विशेष ध्यानात घ्यावे. आपला मुलगा शिरस्त्राण घालून निघाला याचे समाधान मानणाऱ्या घरांत मागे बसणाऱ्या मैत्रिणीचे किंवा धाकट्या भावाचे डोके उघडे असते. 2019 पासून 125 सीसीवरील नव्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. परंतु पहिल्या पावसात खाणीच्या तांबड्या चिखलाने माखलेल्या रस्त्यावर ती किती पुरी पडणार? आणि पावसाळी रात्री कोरड्या, उबदार डांबरावर बसकण मारून रवंथ करणाऱ्या आमच्या गुरांना तिच्याशी काही कर्तव्य नसते.

येथे शासनाच्याही पदरात त्याचे माप घालावयास हवे. मोटारसायकलवाला म्हणजे रस्त्यावरचा उपरा, अशी आमच्या रस्ते बांधणाऱ्यांची समजूत दिसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्याला मज्जाव; मांडवीवरचा तिसरा पूल 2019 साली खुला झाला तेव्हा त्यावरही दुचाकींना बंदी. बंदीची कारणे असतील. पण मग ज्या रस्त्यावर त्याला ढकलले जाते, तो तरी धड असावा की नाही? मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 साली हाती घेतले. पुढे दशक उलटले तरी कोकणचा प्रवासी खड्डे मोजतच राहिला. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला आणि एस. टी.च्या गाड्या माणसांसह पुरात गडप झाल्या, तेव्हा कुठे पुलांची चौकशी सुरू झाली. तोच नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतले तर काम होते. चारचाकीला खड्डा म्हणजे एक हादरा. दोन चाकांवरच्या माणसाला तोच खड्डा इस्पितळात नेतो, बांबोळीला पोचेपर्यंत श्वास राहिला तर.

स्वारांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहेत. सायलेन्सर काढून किंवा पोकळ करून पहाटे साखळी-केरीच्या वस्त्यांतून गर्जना करीत जाणारे टोळके साऱ्या छंदाची अप्रतिष्ठा करते. घाटात दगडी कठड्याशी उभे राहून ‘कोण किती सेकंदांत वर आला’ याची चित्रफीत काढणारे प्रवासी नव्हेत. त्यांच्यासाठी चेन्नई आणि कोइमतूर येथे शर्यतीच्या धावपट्ट्या आहेत, तेथे पैसे भरून हौस भागवावी. घाटातल्या गावच्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडताना धावावे लागू नये, इतके या मंडळींनी पाळले तरी त्यांच्याविरुद्धचा निम्मा रोष ओसरेल. आणि अपघात झालाच तर गावकऱ्यांनीही मागे राहू नये. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तसे कलम आले. आमच्या खेड्यांत ही गोष्ट अद्याप फार थोड्यांना ठाऊक आहे. पंचायतींनी ती फलकावर लिहून लावावी.

पत्रादेवी, केरी आणि मोले येथील तपासनाक्यांवर आज कागदपत्रे पाहिली जातात. तेथेच एक सावलीचा मांडव, पिण्याचे पाणी, हवा भरण्याचा पंप आणि मलमपट्टीची पेटी ठेवली तर घाट उतरून आलेला स्वार पंधरा मिनिटे थांबेल, हातपाय मोकळे करील आणि पुढच्या गावात शुद्धीवर शिरेल. घाटातील वळणांवर साचलेली खडी झाडून काढणे आणि गतिरोधकांवर पांढरे पट्टे ओढणे ही कामे तर दिवाळीपूर्वी सहज उरकता येतील. त्यांसाठी बांधकाम खात्याला पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागेल, असे आम्हांला वाटत नाही.